नाव न घेता सांगण्याचं इंग्रजी

पहिला प्रश्न चहाचा होता.

सकाळची फेरी आटोपून शेजारची सून खाकी शर्टातच माझ्या ओसरीवर आली. बसण्याआधीच तिनं विचारलं, "बाई, मर्डर म्हंजे खूनच ना?"

"हो."

"मंग चहाचा खून कसा करतेत?"

ती गावाजवळच्या बफरच्या, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेरच्या पट्ट्याच्या, गेटवर गाइड आहे. त्या दिवशी इंग्रजी येणारा गाइड आलाच नाही, म्हणून ऐनवेळी एका इंग्रज बाईच्या सफारीच्या जिप्सीत हिला बसवलं. फेरी अर्ध्यावर असताना त्या बाईनं कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "आय कुड मर्डर अ कप ऑफ टी." हिला त्यातले दोन शब्द कळले, मर्डर आणि कप. पुढचा सगळा वेळ ती पुढच्या सीटवर तिरपी बसून होती. पाहुणीचे हात दिसत राहावेत म्हणून.

"तिला चहाची फार तलफ आली होती, एवढंच," मी सांगितलं.

"एवढंच? मंग सरळ सांगाव ना बाप्पा! मी तं डायवरले म्हटलं, आरशात नजर ठेव."

माझी सगळी नोकरी चंद्रपूरच्या एका दैनिकाच्या डेस्कवर झाली. एजन्सीकडून इंग्रजीत येणाऱ्या बातम्यांचं मराठी करणं हे काम. तिथं शब्दकोश लागत असे, आणि शब्दकोशात नसलेलं इंग्रजीही लागत असे. क्रिकेटच्या बातमीतलं, गुन्ह्याच्या बातमीतलं, लंडनच्या फुटकळ मजकुरातलं. निवृत्तीनंतर मी नवऱ्याच्या गावी, सिंदेवाहीकडे राहायला आले. गावाच्या एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत आणि दुसऱ्या बाजूला जंगल. शेजारच्या घरात ही सून, तिची सासू आणि तिची शाळेत जाणारी मुलगी. नवरा हैदराबादेत बांधकामावर असतो आणि सणाला येतो.

गेटवर गाइडच्या दोन पाळ्या आहेत. इंग्रजी येणाऱ्यांची पाळी वेगळी आणि त्यांना हंगामभर रोज काम. बाकीच्यांचा नंबर अधूनमधून लागतो. ज्या दिवशी लागत नाही त्या दिवशी ती गावातल्या इतर बायकांसारखीच पायी जंगलात जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यात सात्या, म्हणजे तिकडच्या रानअळंब्या. तिची आई माहेरच्या गावी अशीच मोहफुलं वेचायला गेली होती. वाकून वेचत असताना वाघानं तिला नेलं. आमच्या दैनिकात ती एका कॉलमाची बातमी होती. त्यात आईचं नाव बरोबर होतं, गाव चुकलं होतं. हे मला तिनंच सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, मी पेपरातली आहे हे कळल्यावर सहज.

इंग्रजीच्या पाळीत नाव लागलं, तर तिला पायी जंगलात जावं लागणार नव्हतं. त्यासाठी वनखात्याची चाचणी होती. खऱ्या परदेशी पाहुण्यांना घेऊन एक फेरी आणि गाडीत परीक्षक.

तिची सासू ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "शिकव वं बाई इले. मी बुढी, माहं काय, मी जाईन पायी. हे गाडीतून गेली पायजे."

तेव्हापासून दुपारी शिकवणी सुरू झाली. मला शिकवायची एकच पद्धत येत होती, डेस्कची. अर्थ आधी, एका ओळीत. मग तो शब्द कोण वापरतं आणि कोणासमोर वापरू नये. व्याकरण मी घेतलंच नाही. गाइडचं तयार इंग्रजी तिला प्रशिक्षणात पाठ करून दिलेलं होतं. पक्ष्यांची नावं, झाडांची नावं, वेग, वजन. अडत होतं ते पाहुणे आपसात बोलत तिथं.

पेकिश म्हणजे थोडी भूक लागलेला. नॅकर्ड म्हणजे थकून मोडलेला. चफ्ड म्हणजे मनातून खूश. गॉबस्मॅक्ड म्हणजे थक्क होऊन तोंडाला कुलूप लागलेला. डिकी टमी म्हणजे पोट बिघडलेलं. या शेवटच्या शब्दाला तिनं फार महत्त्व दिलं. त्याहून जास्त 'स्पेंड अ पेनी'ला. जुन्या काळी इंग्लंडात सार्वजनिक संडासाच्या दाराच्या कुलपात एक पेनी टाकावी लागे, म्हणून लघवीला जायचं असलं की वयस्कर माणसं 'पेनी खर्च करून येते' म्हणतात, असं मी सांगितलं.

"म्हंजे आपल्यासारखंच," ती म्हणाली. "आपण नाई म्हणत का, बाहेर जाऊन येतो?"

"तसंच."

"पण इथी बाहेर कुठी जाईन? जंगलात गाडीतून उतरूच देत नाई." ती खरोखर विचारात पडली. "हा शब्द गेटवरच समजला पायजे. आत समजून उपयोग नाई."

अवघड शब्दही तिला हवे होते. परीक्षक मुद्दाम विचारतात असं तिनं ऐकलं होतं. म्हणून मी क्रेपस्क्युलर सांगितला. पहाटेच्या आणि सांजेच्या अंधुक उजेडात हिंडणारा प्राणी. तो शब्द तिनं तीनचार वेळा तोंडात घोळवला.

"येवढा लांब? हा म्हणून होईस्तोवर तं उजाडून जाईन."

हरणांच्या लेंड्यांनाही इंग्रजीत एक जुना, राजेरजवाड्यांच्या शिकारीतला शब्द आहे, फ्यूमेट्स. हे ऐकून सासू पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. "गोऱ्याइच्या राजाले लेंड्याचं बी नाव लागे काय व!"

असे दिवस चालले होते. एका दुपारी मी चाचणीची तालीम घ्यायचं ठरवलं. ओसरी ही जिप्सी, मी पाहुणी. मी पायरीपलीकडे बोट केलं आणि इंग्रजीत विचारलं, ते काय आहे?

तिनं माझ्या बोटाच्या दिशेनं पाहिलं.

"रस्त्यावर वाघ आलाय असं समज. सांग मला."

"ही इज देअर," ती म्हणाली.

"ही कोण?"

तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जंगलात त्याचं नाव नाई घेत, बाई. तुले ठाऊक नाई?"

ठाऊक होतं. या भागात जंगलात पाऊल टाकलं की कोणी त्याचं नाव घेत नाही. मोठा म्हणतात, मामा म्हणतात, नुसतं 'तो' म्हणतात. मराठी पाहुण्यांना ही 'मामा आले' म्हणे, आणि पाहुणे आपल्याला जंगलातलं काही खास मिळालं म्हणून खूश होत. अडचण इंग्रजीत होती. तिथं तिला एकच शब्द माहीत होता आणि तो घ्यायचा नव्हता.

मी म्हटलं, "इंग्रजीत घेतलं तरी चालत नाही?"

"त्याले काय, इंग्रजी समजत नसंन?"

हे ती हसत म्हणाली, पण विनोद म्हणून नाही. मग मी डेस्कवर विचारत असू तसा सरळ प्रश्न विचारला, की आईनं त्या दिवशी नाव घेतलं होतं का.

"नाई. माह्या मायनं कधीच घेतलं नाई. तरी तिले नेलं."

"मग तू का पाळतेस?"

पायरीवर बसलेल्या सासूनं तोंड दुसरीकडे केलं.

"मायनं शिकवलं ते मी सोडलं," ती म्हणाली, "तं माय कुठी राहीन?"

मी आत जाऊन शब्दकोश आणला.

त्या आठवड्यात आम्ही एकच काम केलं. वाघाचं नाव न घेता वाघ सांगणारा इंग्रजी शब्द शोधणं. बिग कॅट तिनं ताबडतोब नाकारला, मांजर म्हटलेलं त्याला आवडणार नाही म्हणून. शब्दकोशात ग्रिमॅल्किन हा एक जुना शब्द सापडला. त्याचा अर्थ म्हातारी मांजर. तो मी वाचून दाखवल्यावर दोघींनी कानाला हात लावले. स्ट्राइप्स म्हणजे पट्टे.

"पट्टेवाला तं कचेरीत असते, साहेबाची घंटी वाजली का उठते," सासू म्हणाली.

"गव्हनर म्हणतात लंडनमधली साधी माणसं. मालकाला, बापाला."

"राज्यपाल? नको बाई. राज्यपालाच्या पहिले पोलिसाच्या गाड्या येतेत."

मग हिज निब्ज आला. जो स्वतःला फार मोठा समजतो, सगळं हातात आणून द्यावं लागतं, ज्याच्यापुढे घर दबून असतं पण पाठीमागे हसतं, अशा माणसाला इंग्लंडात म्हणतात. थट्टा असते, आणि धाकही असतो.

"म्हंजे तुहा सासरा," सासू सुनेला म्हणाली. सासरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. "जेवाले बसला का आपण सारे उभे. ताटात मीठ कमी पडलं तं ताट भिंतीवर."

"हाच घेतो," सून म्हणाली.

चाचणीत हा शब्द चालेल का, याची मला खात्री नव्हती आणि मी तसं सांगितलं. परीक्षक नावच विचारतील. नापास होऊ शकशील.

"नापास झाली तं पुन्हा मोहाखाली," ती म्हणाली. "जाऊ दे. पाहू."

चाचणीच्या फेरीला गावातली एक व्यक्ती मागच्या सीटवर घेता येते, असं गेटवरून कळलं, म्हणून मी गेले. परीक्षक निवृत्त वनक्षेत्रपाल होते. मूळचे वरोऱ्याचे, म्हणजे कापसाच्या मुलखातले. त्यांच्या गावाकडे वाघ नाही, म्हणून नाव टाळायची गरजही नाही. पाहुणे स्वीडनचं वयस्कर जोडपं. सकाळ थंड होती. सून पुढं उभी होती आणि हात शर्टाच्या बाह्यांत ओढून घेत होती.

पहिला तास चांगला गेला. पक्षी, झाडं, वाळवीचं वारूळ. पाहुणे हळू आणि स्वच्छ इंग्रजी बोलत होते, शाळेत शिकलेलं. त्यात पेकिश नव्हतं, नॅकर्ड नव्हतं. आम्ही जमवलेल्या शब्दांपैकी एकही त्यांच्या तोंडी आला नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तो सगळा माल इंग्लंडचा होता.

नाल्याच्या अलीकडे वानर खोकलं, वाघ जवळ असल्याची खूण. तिनं तळहात वर केला, ड्रायव्हरनं गाडी थांबवली. उजवीकडच्या बांबूंतून तो बाहेर येत होता. सावलीत होता, म्हणून प्रथम फक्त खांदा दिसला.

"हिज निब्ज इज कमिंग," ती हळू म्हणाली.

स्वीडनच्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी सरळ केली आणि मागं रस्त्याकडे पाहिलं. कोणी मोठा अधिकारी दुसऱ्या गाडीतून येतो आहे, असा त्यांचा समज झाला. "हू इज कमिंग?" त्यांनी विचारलं. त्यांच्या बायकोनं डावीकडे दुर्बीण लावली होती. परीक्षक सुनेकडे पाहत होते. वाघ बांबूतून निघून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. तो आता कोणत्याही क्षणी परत आत गेला असता.

तिनं मागं वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, त्या बाईकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "माय मदर नेव्हर से हिज नेम इन फॉरेस्ट. आय ऑल्सो नॉट से. प्लीज लुक राइट."

दोघांनी उजवीकडे पाहिलं. वाघानं रस्ता ओलांडला. घाईत नव्हता. पलीकडच्या गवतात गेल्यावर बराच वेळ गवत हलत होतं.

मग स्वीडनच्या बाईनं तिच्या खांद्याला हात लावला. माझी आजी शेतावर राहायची, ती म्हणाली. हिवाळ्यात लांडगे यायचे. घरात लांडगा म्हणायची बंदी होती. आम्ही त्याला 'करड्या पायाचा' म्हणायचो. हे तिनं सावकाश आणि सोप्या इंग्रजीत सांगितलं, आणि सुनेला ते सगळं कळलं. मला वेगळं सांगावं लागलं नाही.

गेटवर उतरल्यावर परीक्षकांनी तिला बाजूला घेतलं. मी जवळच उभी होते.

"नाव का नाही घेतलं?"

"आत नाई घेत साहेब."

"ऐक. पाहुणा मागं बघत होता, बाई डावीकडं बघत होत्या, जनावर उजवीकडं. तुझ्या त्या शब्दानं वेळ गेला. जनावर अंगावर आलं असतं तर?"

"होय साहेब. शब्द चुकला."

शब्द मी दिला होता, असं मी म्हटलं. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

"गेटच्या बाहेर घेतेस?"

"बाहेर काऊन नाई? थो फलक पाहा, त्याच्यावर लिवलंच हाये. टायगर. वाचून दाखवतो." विदर्भातल्या बायका 'दाखवतो'च म्हणतात.

साहेबांना हसू आलं. त्यांनी फलकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आत जायच्या आधी पाहुण्यांशी बोलतेस ना, नियम सांगतेस? तेव्हाच सांगायचं. त्याचं नाव घ्यायचं, चित्र दाखवायचं, आत गेल्यावर नाव घेणार नाही हे सांगायचं. का, ते पण सांगायचं. आणि दिसला की हात कुठल्या बाजूला करणार, ते करून दाखवायचं. हाताला भाषा लागत नाही. एवढं रोज करशील?"

"करीन."

"मग आत तुझ्या आईचं चालू दे."

इंग्रजीच्या पाळीत तिचं नाव लागलं. सासूनं शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चहा केला आणि माझ्याकडचा शब्दकोश मागून नेऊन कट्ट्यावर ठेवला. मुलीला त्यात चित्रं सापडली नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी तो परत आला.

गेटवरचं तिचं बोलणं मी एकदा ऐकलं. नियमांच्या शेवटी ती वाघाचं नाव घेते, मोठ्यानं, फलकाला पाठ लावून. आईची गोष्ट सांगते. उजवा हात, डावा हात करून दाखवते. मग पाहुण्यांना विचारते, तुमच्या घरी कोण आहे ज्याचं नाव तुम्ही घेत नाही? त्याला काय म्हणता? लोक आधी हसतात, मग सांगतात. त्या दिवशी आत तोच शब्द चालतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारी ती ते शब्द माझ्याकडे आणते. आयर्लंडच्या एका पोरीनं 'हिमसेल्फ' दिला. तिकडे घरच्या धन्याला त्याचं नाव न घेता 'तो स्वतः' म्हणतात. दिल्लीच्या एका कुटुंबातल्या आजीनं नुसतं 'वो' म्हटलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. माझं काम आता उलट झालं आहे. ती शब्द देते आणि मी कोशात शोधते. कित्येक सापडत नाहीत.

मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली. पुढचं मला ड्रायव्हरनं सांगितलं.

सकाळच्या फेरीत नाल्याजवळ तो बसलेला दिसला. पाहुणे फोटो काढून तृप्त झाले होते. गाडी तिथून निघाली आणि वळणापलीकडे, बफरच्या रस्त्यालगतच्या मोहांखाली, गावातल्या बायका वेचत होत्या. सगळ्या वाकलेल्या. त्यांत तिची सासू होती. वाऱ्याची दिशा, अंतर, नाल्याची वाट, हे सगळं सून एका नजरेत पाहू शकते. तिनं गाडी थांबवली आणि आवाज न चढवता म्हणाली, "मोठा नाल्यात बसला हाये. टोपल्या उचला. गाडीमागं चला, सारे एका जागी."

बायका उठल्या. कोणी काही विचारलं नाही. ड्रायव्हरनं गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन मागोमाग चालू लागल्या. ती पुढं पाठ करून, मागं तोंड करून उभी होती. पाहुण्यांनी विचारलं, या कोण आहेत? काय झालं?

"माय पीपल," ती म्हणाली. "वी गो स्लो. प्लीज."

गावची हद्द लागेपर्यंत गाडी तशीच चालली. पाहुण्यांपैकी एकानं फोटोसाठी कॅमेरा उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला, असं ड्रायव्हर म्हणाला.

दुपारी सासू माझ्या ओसरीवर आली. टोपली अर्धीच होती. "हाकलत आणलं मले," ती कुरकुरली. "झाडाखाली सारा सडा पडून राह्यला, बाई. सोन्यासारखा. उद्या जाईन तं डुकरं खाऊन गेले असतीन."

"खाऊ दे डुकरांले," भिंतीपलीकडून सून म्हणाली. "उद्या बी नाई जायचं. मी सांगीन तवाच जायचं."

"आयकलं?" सासू मला म्हणाली. "आता हे मले सांगते." आणि अर्धी टोपली तिनं उन्हात पसरायला घेतली.